मुरमाची खदान बंद होतेय, रान परत शेतीखाली आणायचंय

माळरान_सिन्नर:
राम राम मंडळी. सिन्नर भागात आमची ३ एकर माळाची जमीन मुरमाला दिलेली, आता काम संपत आलंय. खड्डा काही जागी १५ फूट खोल आणि कडा एकदम उभ्या. वरची माती एका कोपऱ्यात ढीग करून टाकलीय. वडील म्हणतात सगळं भरून पहिल्यासारखं रान करू. पण एवढी माती आणायची कुठून? पोकलेन अजून जागेवर आहे, तोवर काय काय करून घेऊ?

खडकाळ_रान:
पूर्ण भरायचा नाद सोडा भाऊ. एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट, त्यावर नुसती १ फूट माती पसरायची तरी ४३५ ब्रास लागते (१ ब्रास म्हणजे १०० घनफूट), ५ ब्रासचा हायवा, म्हणजे मोठा डंपर धरला तर ८७ खेपा. आणि तुम्हाला १५ फूट भरायचंय! सगळ्यात खोल भाग पाण्याला सोडा, बाकीचं सपाट करून पिकाखाली घ्या. पोकलेन हलायच्या आत उभ्या कडा मोडून १ फूट उंचीला २ फूट आडवा असा उतार करून घ्या आणि वरच्या अंगाला चर मारा, नाहीतर पहिल्याच पावसात सगळं धुपून खाली येईल. पाण्याच्या भागाला कुंपण पाहिजेच, दरवर्षी खदानीत पोरं बुडाल्याच्या बातम्या वाचतो आपण, जीव तुटतो. आणि लीजची, पर्यावरण परवानगीची कागदं काढून बघा. सुप्रीम कोर्टाच्या २०१२ च्या दीपक कुमार निकालापासून ५ हेक्टरच्या आतल्या लीजलाही ती परवानगी लागते, त्यात खड्ड्याचं पुढं काय करायचं याच्या अटी असतात. त्या दाखवून शेवटचा हिशोब व्हायच्या आत ठेकेदाराकडूनच काम करून घ्या.

काळी_माती:
तो मातीचा ढीग सोन्यासारखा जपा, कोणाला भरावाला देऊ नका. तळ गाड्यांनी दाबून दगड झालेला असतो, त्यावर तशीच माती टाकली की मुळं खाली जात नाहीत आणि पाणीही साचतं, म्हणून आधी सबसॉयलर (खोल फोडणारा नांगर) नाहीतर पोकलेनच्या दातांनी उकरून घ्या. माती कमी पडली तर जवळच्या तलावातला गाळ बघा, २०१७ पासून गाळमुक्त धरण गाळयुक्त शिवार योजना आहे. पण नुसता गाळ टाकू नका, चिकट असतो, उन्हाळ्यात भेगाळतो, थोडा मुरूम मिसळा आणि आधी तपासून घ्या, चुनखडी जास्त निघाली तर फळबागेला त्रास होतो. पहिल्या वर्षी ताग किंवा धैंचा पेरून फुलोऱ्यात हिरवळीचं खत म्हणून गाडा. मग सीताफळ, हलक्या रानात चांगलं येतं.

विहीर_बागायत:
फुकट भराव टाकून देतो म्हणून कोणी आलं तर अजिबात हो म्हणू नका. राडारोडा, कारखान्याचा कचरा काय येईल सांगता येत नाही आणि मुरमातून ते थेट खालच्या विहिरींत उतरतं.

माळरान_सिन्नर:
वडिलांना खेपांचा हिशोब दाखवला, गप्प झाले 🙏 आता पाण्याच्या भागाला ५०० मायक्रॉनचा प्लास्टिक कागद टाकू का?

विहीर_बागायत:
खाली स्वतःची विहीर असेल तर नको, मुरूम पाणी झिरपवतो, तुमचीच विहीर वाढेल. उन्हाळ्यात बागेला साठवायचंच असेल तर टाका, पण तळ आणि उतारावरची अणकुचीदार खडी वेचून मऊ मातीचा थर दिल्यावर.