चाक खोटे असण्याची गरजच नसते

धागाकर्ता, अक्कलकोट रस्ता:
गेल्या महिन्यात यंत्रमाग व्यवसायातील एका स्नेह्यांबरोबर पणजीला मांडवी नदीतल्या कॅसिनो बोटीवर गेलो होतो. सुताच्या किलोमागे दोन रुपये कमी व्हावेत म्हणून व्यापाऱ्याशी तासभर घासाघीस करणारे हे गृहस्थ, नोटांच्या बदल्यात हाती आलेल्या चिप्स मात्र मोजायच्याही भानगडीत न पडता मुठीने रूलेटच्या (फिरत्या चाकात चेंडू कुठल्या आकड्यावर थांबेल यावर पैसे लावायच्या खेळाच्या) पटावर ठेवत होते. चाकावर शून्य धरून ३७ घरे असतात आणि जिंकणाऱ्या आकड्यावर लावलेले पैसे परत आणि वर पस्तीसपट मिळतात; म्हणजे प्रत्येक घरावर शंभर रुपये लावले, तर ३७०० जाऊन ३६०० परत येतात. शेकडा २.७ चा हा वाटा एका फेरीत जाणवत नाही, म्हणून माणूस उठू नये यासाठीच सारी व्यवस्था असते. तिथे भिंतीवर एकही घड्याळ मला दिसले नाही.

प्रतिसाद, सात रस्ता:
मला हे पटत नाही. ३७०० मागे शंभर रुपये ही करमणुकीची किंमत आहे आणि ती जाणत्या माणसाने स्वखुशीने मोजलेली आहे. कॅसिनोंना परवानगी देणारा महाराष्ट्राचा १९७६ चा कायदा कधी अमलातच आला नाही, २०२३ मध्ये तो रद्दही झाला. पण मटका थांबला का? तिथे ना नियम, ना दाद.

धागाकर्ता:
मटक्याचे मान्य. पण नाटकाचे तिकीट किती हे आधी कळते. इथे ते उठल्यावर कळते. स्नेह्यांनी १७ वर लावले आणि चेंडू शेजारच्या २५ वर थांबला. ‘थोडक्यात हुकले हो!’ म्हणत त्यांनी पुढचा डाव दुप्पट केला. वास्तविक शेजारचे घर आणि समोरचे घर, दोन्हींचा अर्थ हरणे एवढाच. चाकावरची घरे लाल-काळी असतात; १९१३ मध्ये मोंटे कार्लोच्या कॅसिनोत चेंडू ओळीने २६ वेळा काळ्यावर पडला, तेव्हा ‘आता तरी लाल येणारच’ म्हणून लोक पैसे ओतत राहिले आणि धुऊन निघाले. चाकाला मागचे काही आठवत नसते.

प्रतिसाद, होटगी रस्ता:
ही निव्वळ करमणूकच असेल, तर गोवा सरकारने २०२० मध्ये खुद्द गोवेकरांनाच कॅसिनोत प्रवेशबंदी का केली?

प्रतिसाद, सात रस्ता:
हा मुद्दा मला खोडता येत नाही. तरीही बंदीपेक्षा, प्रत्येक टेबलाशी तो २.७ चा हिशेब ठळक अक्षरांत लावण्याची सक्ती करावी, असेच माझे मत आहे.

धागाकर्ता:
लावावाच. मात्र त्याशेजारी घड्याळही हवे.