अनुभव धागा: कारखान्याच्या आवाजातली गाणी

उद्यमनगरी (धागाकर्ता)
काल दुपारी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात मशीनचा एक बुश करून घ्यायला गेलो होतो. पावसानं झोडपलं म्हणून एका शेडच्या पत्र्याखाली थांबलो. आत पॉवर प्रेस, म्हणजे पत्रा दाबून कापायचं मशीन, चालू होता. धप्प. जरा उसंत. परत धप्प. एकदम तीस वर्षं मागं गेलो.

१९९६. मी अकरावीत. दादा एका वर्कशॉपात प्रेसवर होता. दिवाळीच्या तोंडावर डबल पाळी करताना त्याची दोन बोटं पेरापासून गेली. मालकानं दवाखान्याचं बिल भरलं आणि पुढच्या महिन्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. दादा दिवसभर भिंतीकडं तोंड करून पडायचा. त्याच दिवसांत मला मित्राकडनं ब्लॅक सॅबथ या इंग्लिश रॉक बँडची कॅसेट मिळाली आणि त्याच्याकडच्या मासिकात त्यांच्या गिटारवाल्या टोनी आयोमीची हकीकत वाचली. बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात, वय १७, नोकरीचा शेवटचा दिवस, मशीनमध्ये उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. गडी डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात तोच. त्यानं प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, वर चामडं चिकटवलं, पातळ तारा लावल्या. पुढं १९७१ च्या सुमारास तारा सैल करून सूर खाली उतरवला. तो जड, खालचा आवाज आला त्याला या बोटांचाही हात आहे.

दादाला हे सगळं सांगितलं. तो उठून बसला आणि विचारलं, "प्रेसला हात वाचवायचा गार्ड नव्हता काय?"

लोक या बँडला भुताखेतांचा म्हणतात. मला त्यांच्यात भोंगा ऐकू येतो. त्यांचा गायक ऑझी कत्तलखान्यात राबला, गाड्यांचे हॉर्न तपासायच्या कामावर राहिला. बाकीचे बँड फुलांची गाणी म्हणत होते तेव्हा ॲस्टनच्या या पोरांनी आपल्या गल्लीतलं वाजवलं. ऑझी २२ जुलै २०२५ ला गेला, तेव्हापासून हे लिहायचं मनात होतं. तुम्हाला कुठल्या बँडमध्ये त्यांचा काळ सापडला? किंवा आपला?

रंकाळावेस
भावा, काटा आला वाचून. दादा कसे आहेत आता?

उद्यमनगरी
बरा आहे. पुढं लेथ शिकला. स्वतःची दोन मशिनं आहेत. दोन्हीला गार्ड.

खडू_फळा
पेपर तपासता तपासता लिहितेय, चुका पोटात घाला. माझ्यासाठी पिंक फ्लॉइड या इंग्लिश बँडचं ते शाळेवरचं गाणं, भिंतीतल्या विटेचं. त्यांच्यातल्या रॉजर वॉटर्सनं लिहिलं ते स्वतःच्या शाळेतल्या मास्तरांच्या रागातून. पण १९८० मध्ये दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदी शिक्षणावर बहिष्कार टाकलेली काळी मुलं तेच गाणं म्हणायला लागली, आणि सरकारनं त्यावर बंदी घातली. गाणं एका समाजातून निघून दुसऱ्यात जाऊन बसलं. मी शिकवते तिथं गॅदरिंगला नववीच्या पोरांनी ते बसवलं होतं, तर अर्ध्यातच माइक बंद केला गेला. पोरं टाळ्यांवर म्हणत राहिली. मी शिक्षकांच्या रांगेत होते. मला आतून फार आनंद झाला आणि मी टाळी वाजवली नाही. ते अजून सलतं.

पेठकरीण
बाई, पुढच्या गॅदरिंगला वाजवा. आम्ही येतो.

टाकळीचा
सैनिक टाकळीचा आहे मी, म्हणून लढाईच्या गाण्यावर बोलणार. सॅबथचं 'वॉर पिग्ज' १९७० चं, व्हिएतनाम पेटलेलं तेव्हाचं. मोठी माणसं लढाई लावून देतात आणि पुढं गरिबाची पोरं पाठवतात, असं थेट म्हटलंय. अल्बमचं नावही तेच ठेवायचं होतं, कंपनीनं 'पॅरानॉइड' केलं. म्हणून तर कव्हरवर ढाल-तलवारवाला माणूस उरलाय.

आमच्या गावात घराघरात भिंतीवर वर्दीतला फोटो. माझे पणजोबा मराठा पलटणीत, १९४४ ला इटलीत. वॉटर्सचे वडील त्याच साली, त्याच इटलीत, अँझिओला मारले गेले. तो तेव्हा पाच महिन्यांचा होता. माझे पणजोबा परत आले. पण आज्जी सांगायची, पाऊस पत्र्यावर जोरात वाजायला लागला की ते उठून गोठ्यात जाऊन बसायचे. एवढंच. इटलीचं एक अक्षर कधी बोलले नाहीत. फ्लॉइडची बाप हरवलेल्या पोराची गाणी ऐकताना मला पणजोबांचा गोठा दिसतो. फौजेचा अभिमान आहेच, तो कमी होत नाही त्यानं.

कसबा_बावडा
मध्येच विचारतो, पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर किती फूट झालं? गोठ्याचा विषय निघाला म्हणून आठवलं, म्हशी हलवायच्या आहेत.

रंकाळावेस
३९ ला इशारा, ४३ ला धोका. वाट बघू नका, आजच हलवा. २०१९ ला आमची फसगत झाली होती.

फेटलिंग_शेड
शिरोलीत फौंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात आहे, जेवणाच्या सुट्टीत टायपतोय. गाणी भारी आहेत, वाद नाही. पण माझा प्रश्न वेगळा. बर्मिंगहॅमच्या पोरांनी त्यांचा कारखाना वाजवला. आपल्या भट्टीवर गाणं कुठाय? आमच्या शेडमध्ये मोबाइलवर हलगी लागती, भक्तिगीतं लागत्यात. मोल्डिंगच्या काळ्या वाळूवर, ओतलेले भाग घासायच्या, म्हणजे फेटलिंगच्या धुळीवर, रस ओतताना तोंडावर येणाऱ्या झळीवर कोणी चार ओळी केल्या नाहीत. गिरणगावाला अण्णाभाऊ साठे मिळाले, अमर शेख मिळाले. 'माझी मैना' मध्ये मुंबईत पोटासाठी आलेला माणूस आहे, त्याची गावाकडची बायको आहे आणि संयुक्त महाराष्ट्रसुद्धा आहे. आम्हाला कोण?

पेठकरीण
हे वाचून हातातलं लाटणं थांबलं. माझी आई जात्यावरच्या ओव्यांत सासर, दुष्काळ, भाऊ, सगळं म्हणायची. बायकांनी दळताना केलं, कारण जातं म्हणणाऱ्याचा आवाज बुडवत नाही. प्रेसच्या आवाजात माणसाला स्वतःचाच आवाज ऐकू येत नसेल.

फेटलिंग_शेड
ताई, बरोबर बोललात. कानात बोळे घालून काम करतो आम्ही. भोंगा झाला, निघतो.

नर्मदाकाठ
इंडियन ओशन बँडचं 'मा रेवा' कोणी घेतलं नाही अजून? नर्मदेच्या खोऱ्यातलं पारंपरिक गाणं, २००० च्या 'कंदिसा' अल्बममध्ये. नर्मदेवरच्या धरणाविरुद्धची लढाई तेव्हा ऐन भरात होती. नदीची नुसती स्तुती आहे, एक शब्द भांडणाचा नाही, तरी ऐकताना बुडणारी गावं दिसतात.

कसबा_बावडा
म्हशी हलवल्या. आता निवांत ऐकतो ते नर्मदेचं.

उद्यमनगरी
रात्री दादाला सगळा धागा वाचून दाखवला. टाकळीकरांचं दोनदा वाचायला लावलं. फेटलिंगवाल्या भावाचा प्रश्न त्याला लागला. बऱ्याच वेळानं म्हणाला, तो पोरगेला असताना ज्या भट्टीवर होता तिथं एक म्हातारे मिस्त्री रस ओतताना काहीतरी गुणगुणायचे, आणि बाकीचे 'हां' म्हणून साथ द्यायचे. चाल आठवते, शब्द नाहीत. टेबलावर तीन बोटांनी ठेका धरून दाखवला मला. मिस्त्री पलीकडच्या गावात असतात, ऐंशी ओलांडलेत. पुलावरचं पाणी उतरलं की रविवारी दोघं जाऊन येतो. फोनवर रेकॉर्ड करून इथं टाकतो.