ऐकू न येणाऱ्या सहकाऱ्याला मीटिंगमधून वगळतात, काय करू?

नागपूरच्या मिहानमधल्या ऑफिसात माझ्या बाजूच्या पोराला ऐकू येत नाही, काम एक नंबर, पण मीटिंग असली की लीड म्हणतो त्याला नंतर सांगून देऊ, अन् नंतर कोणीच सांगत नाही, काल तो काचेबाहेरून आमचे ओठ पाहून राहिला होता, खूप वाईट वाटलं.

बर्डीवाला: काहून गप्प बसता भाऊ? २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा खासगी कंपनीलाही लागू आहे, समान संधी धोरण ठेवावंच लागते. एचआरला लेखी मेल टाका, पण आधी त्याला विचारा.

वर्धारोडकर: आम्ही मीटिंगमध्ये लाइव्ह कॅप्शन (बोललेलं लगेच स्क्रीनवर लिहून येते) चालू केले, मराठीत चुकतात म्हणून एकजण मुद्दे टाइप करते. बोलणाऱ्यानं ऐकू न येणाऱ्याकडे तोंड करून बोलायचं.

प्रश्नकर्ता: विचारलं. त्यानं मोबाइलवर टाइप केलं, "मला आत बसायचं आहे." आजच मेल टाकतो.