अरुंद घळी, उजेड आणि कॅमेरा : तुमचे अनुभव सांगा

छत्रपती संभाजीनगरहून (धागा मीच काढतोय, म्हणून सुरुवातही माझीच)

गेल्या ऑक्टोबरात भाच्याबरोबर अमेरिकेतल्या युटामध्ये दोन रात्री तंबूत काढल्या. एस्कलांटे गावाजवळ 'होल-इन-द-रॉक' नावाचा कच्चा रस्ता फुटतो. त्या रस्त्याने चाळीसेक किलोमीटर गेलं की ड्राय फोर्कच्या घळी लागतात. मुक्कामाचा परवाना फुकट मिळतो, पण घ्यावाच लागतो. रस्ता असा खडखडता की आपल्याकडच्या ऊसतोडीच्या दिवसांतले शिवाररस्ते बरे म्हणायचे.

'पीक-अ-बू' घळीच्या तोंडाशीच पुरुष-दीड पुरुष उंचीचा कातळ चढायचा. पाय ठेवायला त्यात खोबण्या आहेत. वर गेलं की शेजारच्या 'स्पूकी'तून उतरायचं. ती इतकी चिंचोळी की पाठीवरची सॅक काढून हातात धरावी लागते आणि आडवं होऊन सरकावं लागतं. तिथे ट्रायपॉड उघडलाच नाही. कॅमेरा सॅकवर ठेवला, आयएसओ (उजेड टिपायची संवेदनशीलता) १००, एफ ११ म्हणजे लेन्सचं तोंड बारीक, शटर चार सेकंद उघडं, आणि श्वास रोखून बसलो. सूर्य थेट आत येत नाही. तो वरच्या भिंतीवर पडतो, तिथून समोरच्या भिंतीवर, आणि खाली पोचेपर्यंत नारिंगी होतो. जिथे तो पोचत नाही तिथे आभाळाचा निळा-जांभळा रंग उतरतो. व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्याची रंग जुळवायची सोय) ऑटोवर ठेवला तर कॅमेरा हे सगळं धुऊन काढतो. 'डेलाइट'वर ठेवा. आणि आभाळ चौकटीत घेऊ नका, तेवढा भाग कोरा पांढरा येतो.

माझी चूक : घळीत लेन्स बदलली. वाळू रांगोळीइतकी बारीक. सेन्सरवर बसलेले ठिपके इकडे येऊन साफ करून घेतले, आणि भाच्याची बोलणी खाल्ली ती वेगळीच.

लातूरहून

आम्ही अँटिलोप कॅन्यन पाहिली, ॲरिझोनात पेज गावाजवळ. जमीन नवाहो लोकांची, त्यामुळे त्यांचा गाईड घेतल्याशिवाय आत पाऊल टाकता येत नाही. घळीचे दोन भाग, 'अपर' आणि 'लोअर'. 'अपर'मध्ये उजेडाचे खांब दिसतात ते उन्हाळ्याच्या महिन्यांत, भर दुपारच्या सुमाराला. आमच्या सहलवाल्यांनी आम्हाला नेलं साडेचारला! पैसे दुपारचे, उजेड संध्याकाळचा. भांडून काय उपयोग?

पण 'लोअर'मधल्या लोखंडी शिड्यांवर गाईडने जे सांगितलं ते डोक्यातून जात नाही. १२ ऑगस्ट १९९७ला तिथे ११ पर्यटक वाहून गेले. घळीवर पाऊस नव्हता. तो पडला कित्येक मैल वरच्या अंगाला. लोंढा मात्र घळीतूनच आला. आमच्या गावाला रेल्वेने पाणी आलं होतं, २०१६ला, मिरजेहून. कोरडी नदी दिसली की आमचा जीव हळहळतो, भीती कधी वाटत नाही. तिथे पहिल्यांदा कोरड्या पात्राला भ्यालो.

बीडहून

इतक्या लांब कशाला जायलाव राव, सौताडा आहे की! पाटोदा तालुका, विंचरणा नदी, दरीत रामेश्वराचं मंदिर. खाली उतरायला पायऱ्या आहेत. वाळूच्या खडकासारखी गुळगुळीत वळणं इथे मिळणार नाहीत, आपला दगड बेसाल्ट, थरावर थर, पायऱ्या-पायऱ्यांनी तुटतो. आणि काळा कातळ उजेड परत देत नाही, पिऊन टाकतो. कॅमेरा त्याला बघून फोटो उजळवतो आणि धबधब्याचा पांढरा पट्टा जळून जातो. मी एक्स्पोजर उणे एक करतो, म्हणजे फोटो मुद्दाम थोडा काळपट घेतो. सकाळी लवकर जा, पाणी आणि कातळ दोन्ही सावलीत असतात. शेवाळ्यावर माझी एक चप्पल गेली. दुसरी मी फेकून दिली, काय करणार?

परभणीहून

फोटोतला तो भगवा रंग खराच असतो का? जावयाने पाठवलेले फोटो बघून मला वाटलं मोबाइलनेच रंग ओतलाय. बाकी मी काही जाणार नाही. देवघराच्या खोलीत कडी लागली तरी माझा जीव घाबरा होतो.

छत्रपती संभाजीनगरहून

काकू, अर्धा खरा. डोळ्याला तो मवाळ दिसतो, कॅमेरा गडद करतो. मी तर घरी येऊन थोडा उतरवला.

कन्नडहून

पितळखोऱ्याची दरी कोणी लिहिली नाही म्हणून लिहितो. सातमाळा डोंगर, इसवी सनापूर्वीची लेणी, आणि पावसाळ्यात शेजारून कोसळणारं पाणी. पायऱ्या बऱ्याच उतरायच्या आहेत, गुडघे दुखत असतील तर काठी आणा. दरीत आग्या मोहळं असतात. अत्तर, सेंट लावून येऊ नका, धूर तर अजिबात नको. एकदा कोणीतरी बिडी पेटवली आणि आम्ही अर्धा तास उपरण्यात तोंड घालून बसलो. कॅमेरा उघडाच राहिला, त्याला कोणी चावलं नाही.

गौताळा अभयारण्यात मनाला येईल तिथे तंबू ठोकता येत नाही, वनखात्याला आधी विचारा. येणार असाल तर पाऊस सरता सरता या, तेव्हा पाझर चालू असतात आणि ऊन तिरपं झालेलं असतं. भाकरी तुम्ही आणा, ठेचा माझ्याकडे लागला.