धुराच्या दिवसांत धरणावर गळ टाकावा का? (वणवे, पाचट आणि पाण्याचं गणित)

गोदाकाठ
माघ-फाल्गुनात ऊस तुटला की पाचट (उसाची वाळकी पानं) पेटतं, बांध पेटतात. गौताळ्यात, बालाघाटाच्या डोंगरात आणि किनवटच्या रानात वणवे लागतात ते वेगळंच. मग नाथसागर, माजलगाव, येलदरी, कुठेही पहाटे जा, पाण्यावर धुराचा पट्टा बसलेला असतो. माझं मत सरळ आहे: असा पट्टा दिसला की गळ गुंडाळून ठेवावा. धुरानं ऊन अडतं, पाण्यातलं शेवाळ प्राणवायू कमी तयार करतं, वरून राख पडून सामू (pH) बिघडतो आणि रोहू-कटला आमिषाकडे फिरकत नाहीत. शिवाय चार-पाच तास काठावर बसून आपण तोच धूर ओढतो. पटत नसेल त्यांनी कारणासकट सांगावं.

येलदरीकर
दादा, मासा लागत नाही हे खरं, पण धुराला उगं बदनाम करायलात. धूर पाण्यावर बसतो कामून? वारा पडलेला असतो म्हणून. हिवाळ्याच्या शेवटी रात्री जमीन लवकर थंड होते. थंड हवा खाली, ऊबदार हवा वर, असं झाकण बसतं आणि धूर त्याखाली अडकतो. सकाळी नऊ-दहाला ऊन तापलं की झाकण निघतं. आता पाण्याकडे बघा. वारा नाही म्हणजे लाट नाही, लाट नाही म्हणजे हवेतला प्राणवायू पाण्यात कमी मिसळतो. त्यात पाणी आरशासारखं थिर, दोर आणि माणसाची सावली माशाला लांबून कळते. धूर नसला तरी अशा सकाळी गळ कोराच राहतो. धूर ही खूण आहे, कारण नाही.

गोदाकाठ
खूण म्हणून सोडून देता येत नाही भाऊ. उत्तर कॅलिफोर्नियातल्या कॅसल लेकवर 2018 च्या वणव्यांचा धूर बरेच दिवस राहिला होता. तिथल्या मोजणीत अतिनील किरणं साध्या उजेडापेक्षा जास्त घटली आणि शेवाळाची वाढ खोल थरातून वरच्या थराकडे सरकली. त्याच राज्यात क्लामथ खोऱ्यातल्या नद्यांचं पाणी दाट धुराच्या दिवसांत थंड झाल्याची नोंद आहे. म्हणजे धुराचा पाण्यावर परिणाम होतो, हे मोजलेलं आहे.

येलदरीकर
मोजलंय, पण कुठलं पाणी? कॅसल लेक डोंगरातलं नितळ तळं आहे, तिथं अतिनील किरणं खोलवर जातात. आपलं काळ्या मातीचं गढूळ पाणी, त्यात ती वरच्या वीतभर थरातच संपतात. अडवायला उरतं काय? आणि क्लामथच्या त्या उथळ वाहत्या नद्या. नाथसागरासारखा अवाढव्य साठा सकाळच्या दोन-तीन तासांच्या धुरानं थंड होत नसतो. तिकडं धूर आठवडेच्या आठवडे राहतो, आपल्याकडं दुपारपर्यंत विरतो.

पाणी_तपासणी
दोघांचं भांडण एका मीटरनं मिटतं. विरघळलेला प्राणवायू मोजणारं यंत्र घ्या. ते नसेल तर मत्स्यशेतीच्या दुकानात रसायनांची तपासणी पेटी मिळते. पहाटे सहाला दोन ठिकाणी मोजा, वीतभर खाली आणि दोन मीटर खाली. 30 अंश सेल्सिअसच्या पाण्यात लिटरमागे जास्तीत जास्त साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू मावतो. रोहू-कटलासारख्या कार्पवर्गीय माशांना 5 च्या वर बरं वाटतं, 3 च्या खाली ते खाणं सोडतात. पहाटे 2-3 आणि दुपारी 7-8 दिसलं, तर रात्रीचं श्वसन आणि पडलेला वारा हेच कारण, येलदरीकर बरोबर. भर दुपारी धूर असताना आकडा वर चढतच नसेल, तर गोदाकाठ यांच्या म्हणण्यात दम आहे.

मीटरशिवायची परीक्षा म्हणजे मरळ. मरळ पृष्ठभागावर येऊन हवेतूनही श्वास घेते, त्यामुळे पाण्यात प्राणवायू कमी असला तरी तिचं फारसं अडत नाही. रोहू-कटला बंद आणि मरळ बेडकीच्या आमिषाला येतेय, तर अडचण प्राणवायूची. मरळही बंद असेल तर कारण दुसरीकडे शोधा.

शेततळं_जिंतूर
राखेचं बोला. शेजाऱ्यानं पाचट पेटवलं, माझ्या तळ्यावर काळे तुकडे तरंगताहेत. प्लॅस्टिक कागदाचं तळं, 30 बाय 30 बाय 3 मीटर, रोहू-कटला-मृगळ. सामू वाढून मासे मरतात म्हणे.

पाणी_तपासणी
आकडे मांडू. तळ्याच्या बाजू एकास एक उताराच्या धरल्या तर त्यात जवळपास 22 लाख लिटर पाणी. वाऱ्यानं उडून आलेली राख फार तर पाच-दहा किलो, म्हणजे लिटरमागे 2 ते 5 मिलिग्रॅम. एवढ्यानं सामू हलत नाही. बारीक जाळीनं काळे तुकडे काढून टाका, पुरे.

भीती पावसाच्या पाण्याची. एका एकरात तीन ते चार टन पाचट निघतं, ते जळून दोनशे ते तीनशे किलो राख उरते. तिच्यातली पालाश आणि चुन्याची संयुगं सामू वर नेतात. अवकाळीच्या एका सरीत त्यातली 50 किलो जरी तळ्यात उतरली तरी लिटरमागे 23 मिलिग्रॅम होतात. बोअरच्या जड पाण्याची क्षारता (सामूचा चढउतार रोखायची ताकद) बहुतेक ठिकाणी लिटरमागे 200 मिलिग्रॅमच्या पुढं असते, ते पाणी हा धक्का पचवतं. पावसाच्याच पाण्यावर भरलेलं कागदी तळं पचवत नाही. त्यात दुपारी शेवाळामुळे सामू आधीच चढलेला असतो. सामू चढला की पाण्यातल्या अमोनियाचा विषारी भाग वाढतो: 28 अंशाला सामू 7 ला एक टक्क्याच्या आत, 8 ला सहा-सात टक्के आणि 9 ला चाळीसच्या आसपास. म्हणजे सामू 8 वरून 9 ला गेला तर अमोनिया तोच, विष सहापट.

उपाय पावसाआधीच करायचा. तळ्याच्या वरच्या अंगाला नांगरानं एक-दोन चर पाडून पाणी बाजूला काढा. पाणी शिरलंच तर दोन दिवस खाद्य बंद, पहाटे दोन ते सहा एरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) चालू, दहा ते वीस टक्के पाणी बदला. तपासल्याशिवाय चुना टाकू नका. तळं बिघडलं की बरेच जण हमखास चुनाच टाकतात आणि चढलेला सामू आणखी चढवतात.

उसवाला_माजलगाव
हाव, शेवटी सगळं खापर शेतकऱ्यावर. पाचट जाळायची हौस कुणाला नाही. खोडव्याला (तुटल्यावर पुन्हा फुटणाऱ्या उसाला) मोकळी सरी लागते, मजूर मिळत नाहीत, पाचटात उंदीर होतात. आणि धरणावर येणारा धूर सगळा उसाचाच असतो हे कुणी मोजलं? वीटभट्ट्या आहेत, वणवे आहेत, नगरपालिकेचा कचरा आहे.

गोदाकाठ
खापर नाही मामा. पण टनामागे 8 किलो युरिया, 10 किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि 1 किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धन टाकून पाणी दिलं की पाचट सरीतच कुजतं, हे तुम्हालाही ठाऊक आहे. पहिली दोन पाणी कमी अंतरानं द्यावी लागतात, तिथंच बरेच जण सोडून देतात.

उसवाला_माजलगाव
पाणी असलं तर देऊ की! मराठवाड्यात राहता ना?

किनवट_पैनगंगा
पहिल्या पावसाचा विषय निघालाच आहे तर: वणव्यानंतरच्या पहिल्या लोंढ्याला नाल्याच्या तोंडावर मासा जोरात लागतो. प्रवाहाबरोबर किडे, गांडुळं येतात, मासा तिकडं धावतो. राखेला भिऊन ती जागा सोडणं म्हणजे आलेलं ताट परत पाठवणं.

पाणी_तपासणी
रंग बघून ठरवा. तांबूस-मातकट पाणी असेल तर खुशाल बसा. पाणी काळपट, वर फेस, जळक्या काड्या आणि कुबट वास असेल तर ती जागा दोन-तीन दिवस सोडा. अर्धवट जळलेला पालापाचोळा पाण्यात सडताना प्राणवायू खातो आणि चिखल कल्ल्यांत बसतो. 2022 मध्ये कॅलिफोर्नियातल्या मॅकिनी वणव्यानंतर जोरदार पाऊस झाला, राखमिश्रित गाळ क्लामथ नदीत उतरला, प्राणवायू जवळपास शून्यावर आला आणि हजारो मासे मेले. आपल्याकडचे वणवे बहुतेक पालापाचोळ्याचे, जमिनीलगतचे असतात, एवढा गाळ एकदम सुटत नाही, पण छोट्या नाल्याच्या डोहात हेच घडू शकतं. तोंड उघडं आणि कल्ले पसरलेले मेलेले मासे दिसले तर ते गुदमरून गेलेत असं समजा. ते उचलून बाजारात नेऊ नका.

येलदरीकर
हे मान्य. लोंढ्याबाबत वाद नाही, वाद पहाटेच्या धुराचा आहे.

श्वास_लातूर
माशांचं फार झालं, माणसांचं बोला. रुमाल, उपरणं, ओला गमछा, यातलं काहीच 2.5 मायक्रॉनच्या खालचे कण नीट अडवत नाही. ओल्या फडक्यानं घशाला बरं वाटतं, तेवढंच. एन-95 लागतो, तोही डोक्यामागून दोन पट्टे असलेला. कानात अडकवायचा बहुतेक वेळा गालाशी सुटतो आणि दाढीवर तर बसतच नाही. घामानं ओला झाला की श्वास जड होतो, म्हणून एक सुका मास्क जवळ ठेवा.

काठावर बसलेला माणूस मिनिटाला सहा-आठ लिटर हवा घेतो, थर्माकोलच्या तराफ्यावर वल्हं मारणारा तीस-चाळीस लिटर. म्हणजे हौशी गळवाल्यापेक्षा जाळं टाकणाऱ्याच्या छातीत चार-पाच पट धूर जातो. दमा किंवा हृदयविकार असलेल्यानं, गरोदर बाईनं अशा सकाळी पाण्यावर जाऊच नये. शहरातल्या केंद्राचा हवेचा आकडा बघून ‘आज ठीक आहे’ म्हणू नका, धूर धरणाच्या खोलगटात बसलेला असतो.

किनवट_पैनगंगा
हौशी माणूस घरी बसेल हो. ज्याचं जाळं रात्री टाकलंय त्यानं ते दुपारी काढायचं का? तोवर अडकलेला मासा मरून नरम पडतो, व्यापारी निम्मा भाव देतो.

श्वास_लातूर
जाळं रात्री दहाला टाकण्याऐवजी दुपारी चारला टाका आणि रात्री नऊ-दहालाच काढा. धूर पहाटे सगळ्यात दाट असतो, त्याच्या आत काम उरकतं. अंधारात हेडलाईट कपाळावर लावू नका, धुरात उजेड उलटा डोळ्यांवर येतो. कमरेशी बांधून खाली पाण्याकडे वळवा. लाईफ जॅकेट घाला. धुरात काठ हरवतो तेव्हा तराफ्यावर दुसरा आधार नसतो.

गोदाकाठ
मी ‘गळ गुंडाळा’ वर कायम आहे, पण पहाटेपुरता. दहानंतर वारा सुटला तर बसा, आणि वारा ज्या काठावर लाटा आणतो त्या काठावर बसा. तिथं प्राणवायूही मिसळलेला असतो आणि वाहून आलेलं खाद्यही.

येलदरीकर
मग मी काय वेगळं म्हणत होतो? रोहूला दीड-दोन मीटरवर, शेंगदाणा पेंड आणि कणकेचा गोळा बोराएवढा, शिसं हलकं. तळाला टाकलं तर उन्हाळी पाण्यात खाली प्राणवायू नसतो, गोळा तसाच परत येतो.