आईवडिलांची पहिली परदेशवारी: सहल कंपनीबरोबर की आपली आपण?

पार्ले_पूर्व

नमस्कार. येत्या मे महिन्याच्या उत्तरार्धात वडील (वय ७२) आणि आई (वय ६७) यांना घेऊन स्वित्झर्लंड व इटलीला जाण्याचे मी आणि पत्नीने ठरवले आहे. आम्ही दोघे पूर्वी दोनदा आपले आपण परदेशी जाऊन आलो आहोत, आईवडील मात्र प्रथमच देशाबाहेर पडत आहेत. वडील मध्य रेल्वेच्या माटुंगा कारखान्यातून निवृत्त झाले असून दातेरी रुळावरून डोंगर चढणारी गाडी जवळून पाहावी, एवढी एकच त्यांची मागणी आहे. माथेरानच्या गाडीला तसे दात नाहीत आणि निलगिरीच्या गाडीला मेट्टुपालयमपुढे कल्लार ते कुन्नूर या चढावर आहेत, हे व्याख्यान आमच्या घरात लहानपणापासून पाठ आहे.

आईचे दोन्ही गुडघे दुखतात. तिला कंपनीचीच सहल हवी आहे, कारण तिच्या भिशीतल्या चौघी तशाच जाऊन आल्या आणि रोज संध्याकाळी वरणभात मिळाला, असे त्यांनी सांगितले. दादरहून आणलेल्या पत्रकात बारा दिवसांत सहा देश आहेत. आम्ही स्वतः आखले तर दोन देश नीट पाहता येतील असे मला वाटते, पण वाटेत काही बिघडले तर चौघांची जबाबदारी माझ्या एकट्याच्या डोक्यावर येईल, याची धास्तीही आहे. ज्यांनी वडीलधाऱ्यांना दोन्हींपैकी एका पद्धतीने नेले आहे, त्यांनी कृपया मोकळेपणाने लिहावे.

जुना_टूर_मॅनेजर

मी या व्यवसायात बरीच वर्षे काढली आहेत, त्यामुळे माझे मत सहलीच्या बाजूने झुकलेले असेल हे आधीच मान्य करतो. तरीही ते पत्रक पुन्हा एकदा हातात घ्या आणि प्रत्येक ठिकाणापुढे कोणता शब्द छापला आहे ते पाहा. ‘प्रवेशासह’ म्हणजे तिकीट काढून आत जाणे, ‘बाहेरून दर्शन’ म्हणजे दारापर्यंत जाणे, आणि ‘फोटो स्टॉप’ म्हणजे पंधरा-वीस मिनिटे, ज्यांतली निम्मी स्वच्छतागृहाच्या रांगेत जातात. सहा देशांच्या सहलीत तिसऱ्या प्रकारची ठिकाणे किती आहेत ते मोजले, की आपण नेमके काय विकत घेत आहोत ते कळते.

सकाळी पावणेआठला बसमध्ये बसा म्हणून आम्ही ओरडतो, तो आमचा तऱ्हेवाईकपणा नसतो. युरोपात बसचालकाला साडेचार तास गाडी चालवल्यावर पाऊण तास थांबावेच लागते, दिवसाला साधारण नऊ तासांवर गाडी हाकता येत नाही आणि दोन दिवसांच्या मध्ये सर्वसाधारणपणे सलग अकरा तासांची विश्रांती द्यावी लागते. हे सारे गाडीतल्या यंत्रावर नोंदले जाते. एका कुटुंबाने सकाळी अर्धा तास उशीर केला, तर संध्याकाळचे एखादे ठिकाण चाळीस जणांच्या हातून निसटते.

‘बसमध्ये बसून सगळे दिसते’ ही समजूतही अर्धीच खरी आहे. व्हेनिसला बस बेटाच्या कडेला सोडते आणि पुढे होडीने व पायी जावे लागते. फ्लोरेन्सच्या जुन्या भागातही मोठ्या बसना मज्जाव आहे. तिथले दगडी रस्ते दुखऱ्या गुडघ्यांना कंपनी कोणती आहे हे विचारत नाहीत.

सहलीचे खरे मोल मला वेगळ्याच प्रसंगी दिसले. रोममध्ये आमच्या गटातल्या एका काकांची छातीवरची पिशवी गेली, आणि तीत पासपोर्ट होता. पोलिसांत तक्रार नोंदवणे, भारतीय दूतावासात जाणे, तात्पुरता प्रवासदाखला मिळवणे यांत माझे दोन दिवस गेले, पण बाकीच्यांची सहल एका सहकाऱ्याने पुढे चालू ठेवली आणि काकूंना त्या दोन दिवसांत एकटे वाटले नाही. आपण स्वतः गेलात तर हे काम आपल्याला करावे लागेल आणि तेवढा वेळ आईवडील हॉटेलच्या खोलीत बसतील.

ठाण्याची_लेक

मी आईला (तेव्हा ती ६९ वर्षांची होती) घेऊन स्वतंत्रपणे गेले होते, म्हणून दुसरी बाजू मांडते. माझ्या मते आपला प्रश्न सहल की स्वतंत्र असा नसून मुक्काम किती वेळा हलवायचा, असा आहे. वृद्ध माणसाला प्रवासाचा शीण कमी होतो. रोज बॅग भरण्याचा, नव्या खोलीत दिव्याची बटणे शोधण्याचा आणि पहाटे सहाच्या गजराचा शीण जास्त होतो. आम्ही स्वित्झर्लंडमधल्या लुत्सर्नला स्थानकापासून चालत पाच मिनिटांवर स्वयंपाकघर असलेली खोली सहा रात्रींसाठी घेतली आणि रोज तिथूनच फिरलो. ज्या दिवशी आईचे पाय भरून आले, त्या दिवशी ती तळ्याकाठी बाकावर बसून हंस पाहत राहिली. सहलीत त्या दिवशी तिला बसमध्ये चढावेच लागले असते.

तुमच्या वडिलांसाठी तर हेच गाव योग्य आहे. लुत्सर्नहून बोटीने फिट्सनाऊला उतरायचे आणि समोरच उभी असलेली रिगी डोंगराची दातेरी गाडी पकडायची. युरोपातली ही पहिली डोंगरी रेल्वे १८७१ साली सुरू झाली. उतरताना दुसऱ्या बाजूने आर्थ-गोल्डाऊला येऊन साध्या गाडीने परतता येते. स्विस ट्रॅव्हल पासमध्ये बोट, रिगीची गाडी आणि परतीची गाडी तिन्ही धरलेली असतात. पिलाटुसची दातेरी गाडी (१८८९) याहून चढी आहे, ४८ टक्के चढाची. तिचे दात रुळाच्या दोन्ही बाजूंना आडवे असतात, आणि त्यापुढे वडिलांना तासभर उभे राहू द्यावे लागेल, अशी माझी खात्री आहे. तिथे पासवर तिकिटात सवलत मिळते, पण ती गाडी हिवाळ्यात बंद असते, म्हणून मे महिन्याचे वेळापत्रक आधी पाहावे. सहलीवाले बहुधा युंगफ्राउयोखला नेतात. ते ३४५४ मीटरवर आहे आणि विरळ हवेत काहींना गरगरते. रिगीचा माथा १७९८ मीटरवर आहे, त्यामुळे रक्तदाब असलेल्यांना तो सुखाचा पडतो.

आमची फजिती इटलीत झाली. स्थानिक गाडीचे कागदी तिकीट फलाटावरच्या यंत्रात घालून शिक्का मारून घ्यायचे असते, हे मला ठाऊक नव्हते. तिकीट हातात असूनही दंड भरावा लागला आणि आई पुढचे दोन तास तपासनीसाला मराठीतून समजावत होती.

जेवणाचे म्हणाल तर लहान कुकर, तांदूळ, मुगाची डाळ, मेतकूट आणि लोणचे एवढ्यावर आमचे निभावले. साजूक तूप आणि पेढे मात्र सामानात ठेवू नका, कारण दुधाचे पदार्थ बाहेरून नेण्यास तिकडे बंदी आहे.

घाटकोपर_हिशेबनीस

थोडे पैशांविषयी. पत्रकातल्या आकड्यावर जीएसटी आणि टीसीएस (कंपनीने आपल्याकडून आगाऊ वसूल केलेला आयकर) वेगळे लागतात का, हे लेखी विचारा. टीसीएस पुढे आयकर विवरणपत्रात वळता होतो, पण आज तो खिशातूनच जातो आणि त्याचा दर अर्थसंकल्पागणिक बदलत आला आहे. सहल रद्द केल्यास कोणत्या तारखेनंतर किती टक्के कापणार, हा तक्ता पत्रकाच्या मागच्या पानावर बारीक अक्षरात असतो. तुमच्या घरी दोन ज्येष्ठ असल्याने तो पहिल्या पानाआधी वाचा.

स्वतः गेलात, तर ज्या देशात सर्वाधिक रात्री राहणार त्याच देशाकडे शेंगेन व्हिसाचा (युरोपातल्या बहुतेक देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाचा) अर्ज करावा लागतो. तो प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि मेची गर्दी पाहता तो लवकरच करावा. ३०,००० युरोंचे वैद्यकीय विमाकवच सक्तीचे आहे, मात्र ७२व्या वर्षी आधीच्या आजारांना त्यात काय धरले आहे ते पाहिल्याशिवाय नुसत्या आकड्यावर विसंबू नये.

पार्ले_पूर्व

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल जेवणानंतर चौघांनी बसून हे सारे वाचले. रिगी आणि पिलाटुस ही नावे ऐकल्यावर वडिलांनी कपाटातून नकाशा काढला आणि लुत्सर्नहून मिलानला जाताना नव्या ५७ किलोमीटरच्या गोटहार्ड बोगद्यातून जायचे नाही, १८८२च्या जुन्या घाटमार्गानेच जायचे, असा हुकूम सोडला. त्या वळणांवर वासेन गावचे चर्च गाडीतून तीनदा, दर वेळी वेगळ्या उंचीवरून दिसते म्हणे.

तेव्हा सहा देश बाद झाले. लुत्सर्नला सात रात्री आणि मिलानला तीन रात्री असा कच्चा आराखडा आहे. मिलानमध्ये दोन दिवस स्थानिक मार्गदर्शक घेणार आहोत. पासपोर्टच्या प्रती चौघांच्या पिशव्यांत वेगवेगळ्या ठेवू आणि काही बिघडलेच तर पत्नी आईवडिलांपाशी थांबेल व धावपळ मी करीन, हेही ठरले. आईने अजून पूर्ण होकार दिलेला नाही. त्या दिवसांत संकष्टी येते आणि तिकडे चंद्रोदय मध्यरात्र उलटून गेल्यावर होतो, हे पत्नीने मोबाइलवर शोधून सांगितले. तेव्हा उपास मुंबईच्या चंद्रोदयाला सोडला तर चालेल का, हे ती उद्या देवळातल्या गुरुजींना विचारणार आहे.