मदत हवी आहे: बाईकचा इंजेक्टर टेबलावर चालवण्यासाठी साधं ड्रायव्हर सर्किट

नमस्कार मंडळी. माझं दुचाकीचं छोटं गॅरेज आहे. एप्रिल २०२० नंतर बीएस ६ गाड्या आल्या, कार्ब्युरेटर गेला आणि 'मिसिंग करते, पिकअप नाही' म्हणत येणाऱ्या गाड्यांत इंजेक्टर (इंजिनात पेट्रोल फवारणारा भाग) चोक आहे की दुसरंच काही, हे ओळखणं अवघड झालं. तयार टेस्टिंग मशीन परवडत नाही, म्हणून घरच्या घरी जोडणी केलीय.

इंजेक्टर दोन पिनचा, मल्टिमीटरवर १२ ओहम. एक पिन थेट १२ व्होल्ट बॅटरीला, दुसरी आयआरएफझेड ४४ एन मॉसफेटच्या (इलेक्ट्रॉनिक स्विच; ड्रेन, सोर्स, गेट हे त्याचे तीन पाय) ड्रेनला. सोर्स ग्राउंडला. गेटवर अर्डुइनो नॅनो या छोट्या प्रोग्रॅम करता येणाऱ्या बोर्डची पिन, मध्ये १०० ओहम. इंजेक्टरच्या कॉइलवर उलटा १एन४००७ डायोड (एकाच दिशेने करंट सोडणारा). गाडीचाच पंप, दाब ३ बारच्या आसपास, आत टेस्टिंग फ्लुइड.

अडचण अशी: १००० पल्स (इंजेक्टर उघडायचे विजेचे झटके) १० मिलिसेकंदाच्या दिल्या की मेजरिंग सिलिंडरमध्ये जेवढं पडतं, त्याच्या ३० टक्क्यांहून जास्त ३ मिलिसेकंदाला पडतं. खरं तर उघडायलाच वेळ लागतो, म्हणजे कमी पडायला हवं. नवीन इंजेक्टर लावला तरी तेच. शिवाय मॉसफेटला हात लावला की चटका बसतो. डायोड फास्ट घ्यावा का? जाणकारांनी सांगावं.

अर्धवट_इंजिनिअर:
नवीन इंजेक्टरलाही तेच होतंय म्हणजे दोष सर्किटचा, हे बरं झालं.

मॉसफेटचं आधी. १२ ओहमला करंट जेमतेम १ अँपिअर, त्यात हा तापायला नको. पण त्याचा थ्रेशोल्ड, म्हणजे गेटवर किती व्होल्टला तो उघडायला लागतो ते, २ ते ४ व्होल्टमध्ये कुठेही असतो आणि पूर्ण उघडायला गेटवर १० व्होल्ट धरलेले असतात. नॅनो देतो ५. एखादा नग चालतो, एखादा अर्धवट उघडून तापत बसतो. आयआरएलझेड ४४ एन घ्या, तो ५ व्होल्टला नीट उघडतो. मधलं अक्षर 'एल' आहे ना ते दुकानात बघून घ्या, बरेचदा 'एफ'च हातात देतात.

आता जास्तीचं फ्लुइड. डायोड फास्ट घेऊन काही होणार नाही. पल्स संपली तरी कॉइलमधला करंट डायोडमधून फिरत राहतो, आणि त्याला अडवायला असतो फक्त पाऊण व्होल्ट. तो विरायला मिलिसेकंदभर सहज जातो, तोवर सुई उघडीच. १० मिलिसेकंदात हे खपून जातं, ३ मध्ये नाही. त्याच डायोडच्या सिरीजमध्ये २४ व्होल्ट, ५ वॉटचा झेनर (ठरलेल्या व्होल्टला उलट्या दिशेनेही करंट सोडणारा डायोड) टाका. कॉइलवर उलटे २४ व्होल्ट आले की करंट झटकन संपतो. ड्रेनवर साधारण ३७ व्होल्ट दिसतील, मॉसफेट ५५ चा आहे.

तेलकट_हात:
गेट ते ग्राउंड १० किलोओहम टाकाच. नॅनो रिसेट होताना पिन तरंगते, म्हणजे ना चालू ना बंद, आणि इंजेक्टर उघडाच राहू शकतो. बॅटरीच्या वायरीत २ अँपिअरचा फ्यूज. आणि कोणी कितीही सांगितलं तरी पेट्रोलवर टेस्ट करू नका. फ्लुइडचा फवारासुद्धा पेटतो, बॅटरीचे क्लिप लांब ठेवा, पंप चालू असताना काढू-लावू नका.

कारचा जुना इंजेक्टर कोणी आणला तर आधी ओहम मोजा. २-३ ओहम निघाला तर या सर्किटवर लावायचा नाही. त्याला पीक अँड होल्ड लागतो, म्हणजे सुरुवातीला ४ अँपिअर आणि मग १.

धागाकर्ता:
धन्यवाद दादा. झेनरची पट्टी कुठल्या बाजूला?

अर्धवट_इंजिनिअर:
दोघांच्या पट्ट्या समोरासमोर. डायोडचं बिनपट्टीचं टोक ड्रेनला, झेनरचं बिनपट्टीचं टोक १२ व्होल्टला. झेनर उलटा लागला तर फक्त फायदा मिळणार नाही. डायोड उलटा लागला तर मॉसफेट चालू होताच शॉर्ट, म्हणून तो दोनदा बघा. मग ३ मिलिसेकंदाचं माप इथे टाका.